कोळ्याला विचारून

संग्रहालयाच्या तिकीट खिडकीवर लेकीच्या हातात एक कागद आणि आखूडशी पेन्सिल ठेवली गेली. जर्मनीतल्या संग्रहालयांत हे नेहमीचंच. मुलांनी कंटाळून आईबापांच्या मागे लागू नये म्हणून काहीतरी उद्योग. कागदावर डावीकडे प्राणी होते: हत्ती, बिबट्या, बेडूक, दुतोंडी साप, कोळी. उजवीकडे क्रम उलटापालटा करून लिहिलेले शब्द: बळ, सत्ता, संतती, युद्ध, शहाणपण. जोड्या लावा. वर कोपऱ्यात कॅमेरूनमधल्या एका मातीच्या चिलमीचं चित्र. बाहेर पाऊस लागला होता, आत ओल्या जाकिटांचा आणि मेण घासलेल्या फरशीचा वास, आणि लेकीला लवकरात लवकर खाली केक मिळतो तिथे जायचं होतं. तिने भिंतीला कागद टेकवून भराभर रेघा ओढल्या. सगळ्या बरोबर आल्या. बाईंनी शाबासकी म्हणून कोळ्याचं स्टिकर दिलं, ते तिने जाकिटाला चिकटवलं आणि म्हणाली, "आई, झालं!"

आधी वाटलं, कपाटातली खरी चिलीम तिने पाहिलीसुद्धा नाही म्हणून मला वाईट वाटतंय. पण तेवढंच नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीने चिलीम बघत उभं राहावं अशी अपेक्षा मीही करत नाही. खटकत होतं ते हे की तिच्या जोड्या चुकीच्या नव्हत्या. मध्य आफ्रिकेच्या मृण्मय शिल्पांबद्दल मी हौसेने जे थोडंफार वाचत आले आहे, त्यात जवळजवळ याच जोड्या सापडतात. कुणी मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं, फार तर चार शब्द जास्त वापरून. मग पाचही रेघा बरोबर असताना हे प्रकरण 'झालं' कसं नाही, याचं उत्तर मला तिथल्या तिथे देता येईना. केक खाताना लेक स्टिकरवरच्या कोळ्याचे पाय मोजत होती आणि मी मनातल्या मनात तिच्या कागदाशी भांडत होते.

चिलीम म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे मुठीत मावणारी उभी नळी येते. ही तशी नाही. कॅमेरूनच्या पश्चिमेला ग्रासफील्ड्स नावाचं उंच, गवताळ, धुक्याचं पठार आहे. लाल माती, दाट वस्ती, आणि एकमेकांना खेटून असलेली लहानमोठी शंभराहून अधिक राज्यं. त्यातलं एक मोठं राज्य बामुम लोकांचं, राजधानी फुंबान. इथल्या चिलमीत माती असते ती फक्त तंबाखूच्या वाटीपुरती, पण त्या वाटीतच सगळी कारागिरी. खाली नळी जोडायची: लाकडाची, पितळेची, कधी मण्यांनी मढवलेली, आणि मोठ्या माणसाची असेल तर इतकी लांब की चिलीम जमिनीवर टेकवून ओढावी लागते. मी पाहत होते त्या वाटीला बसलेल्या माणसाचा आकार होता. गाल टम्म फुगलेले, डोळे बाहेर आलेले, जणू तोच धूर तोंडात कोंडून बसला आहे. डोक्यावर उंच जाळीदार मुकुट. जाळी नुसती शोभेची वाटते. मग नजर स्थिरावली की प्रत्येक गाठीतून पाय फुटलेले दिसायला लागतात. कोळ्याच्या पायाला कोळ्याचा पाय जोडून ती जाळी विणलेली असते. तंबाखू भरायची ती मुकुटाच्या वरच्या तोंडातून. म्हणजे चिलीम पेटली की निखारा त्या माणसाच्या डोक्यात, कोळ्यांच्या वेढ्यात धुमसणार. काचेपलीकडच्या त्या वाटीच्या आतल्या कडेला अजून काजळी होती. वास अर्थातच नव्हता. संग्रहालयं वासाच्या बाबतीत फार निर्दयी असतात.

गंमत म्हणजे या सगळ्याला आपण बिनदिक्कत 'प्राचीन परंपरा' म्हणतो. तंबाखू अमेरिकेतली. 16व्या शतकाआधी आफ्रिकेत ती नव्हतीच. युरोपीय जहाजांतून ती किनाऱ्यावर उतरली आणि तिथून बाजारवाटांनी डोंगर चढली. तेव्हा चिलीम ही तशी अलीकडची वस्तू, बाहेरून आलेल्या व्यसनासाठी घडवलेली. पण तिच्यावर येऊन बसलेले प्राणी मात्र जुने. दारांच्या चौकटींवर, बैठकांवर, खांबांवर, नृत्याच्या मुखवट्यांवर ते आधीपासून होतेच. नवी वस्तू आली तसे ते तिच्यावरही चढले, आणि मातीवर लाकडापेक्षा जास्त खुलले. माती बोटांनी दाबता येते, गोळी करून चिकटवता येते, ओली असताना काडीने भोसकता येते. कोळ्याची जाळी लाकडात कोरायची म्हणजे दिवसच्या दिवस जातील; मातीत वळ्या लावत गेलं की ती उभी राहते, आणि भाजताना फुटली की सगळं मुसळ केरात. बऱ्याच गावांत कामाची वाटणी होती: घरची मडकी बायकांनी घडवायची, चिलमी पुरुषांनी. दोघांचे हात एकाच मातीत, पण एकाच्या हाताखाली स्वयंपाकघर आणि दुसऱ्याच्या हाताखाली मानमरातब.

मानमरातब हा शब्द मी सहज लिहिला, पण कागदाशी माझं भांडण तिथेच आहे.

ग्रासफील्ड्समध्ये चिलीम सगळेच ओढत. बायाही ओढत. मात्र त्यांच्या चिलमी लहान आणि साध्या असत. सामान्य माणसाच्या चिलमीवर चार रेघा, फार तर एखादी नक्षी. चिलीम जसजशी मोठी, तसतसा माणूस मोठा. आणि तिच्यावर कुठला प्राणी बसवायचा हे चिलीमवाल्याच्या आवडीवर नव्हतं, घडवणाऱ्याच्या कल्पनेवर तर नव्हतंच. हत्ती, बिबट्या, रानरेडा, अजगर हे राजाचे प्राणी. ते राजाच्या वस्तूंवर असत, किंवा राजाने ज्याला तसा हक्क दिला त्याच्या. शिकाऱ्याच्या हाती बिबट्या लागला तर तो त्याचा होत नसे. तो राजवाड्यावर पोचवायचा. कातडं राजाचं, दात राजाचे. हत्तीचे सुळेही तिकडेच जात. बदल्यात शिकाऱ्याला बक्षीस मिळे, मान मिळे. राजा स्वतः रात्री बिबट्या होऊन फिरतो अशी श्रद्धा या पठारावरच्या कितीतरी राज्यांत होती. म्हणजे रानातला बिबट्या मारणं ही साधी शिकार नव्हे. न जाणो, कोण होता तो! अशा ठिकाणी मातीचा बिबट्या बघून 'सत्ता' असं उत्तर लिहिणं म्हणजे पोलिसाच्या टोपीकडे बोट दाखवून 'कायदा' म्हणण्यासारखं आहे. चूक नाही, पण टोपी कुणाच्या डोक्यावर आहे, ती कुणी दिली आणि ती दुसऱ्या कुणी घातली तर काय होईल, हा सगळा भाग गळून गेला. लेकीच्या कागदाला दोनच रकाने होते. तिसरा हवा होता: कोणाचा?

बेडकाची गोष्ट निराळी. बेडूक राजाचा एकट्याचा नाही. तो वाडग्यांवर, मडक्यांवर, बैठकांवर, कुठेही दिसतो. पावसाबरोबर उगवणारा, एका दमात शेकडो अंडी घालणारा प्राणी. लेकरांची आस असलेल्या समाजाने त्याला जवळ केलं यात नवल नाही. न्डोपच्या मैदानात बामेसिंग नावाचं गाव कुंभारकामासाठी नावाजलेलं आहे. तिथल्या मडक्यांवर बेडूक, सरडे, कोळी अंगाला अंग लावून बसतात, निम्मे वर आलेले, निम्मे मडक्याच्या पोटात. कधीकधी बेडकाचं इतकं सुलभीकरण होतं की उरतात फक्त चार वाकडे पाय, एखाद्या फुलीसारखे. अनोळखी माणूस त्याला नक्षी म्हणून सोडून देईल. मला हेच जास्त आवडतं. सिंहासनावरचा बिबट्या स्वतःची ओळख देण्यासाठी दात विचकतो. रोजच्या मडक्यावरच्या बेडकाला ओळख द्यायची गरज पडत नाही, कारण ते मडकं धुणाऱ्या बाईच्या बोटांना तो कुठे आहे हे ठाऊक असतं.

दुतोंडी सापाला मात्र नाव-गाव-इतिहास सगळं आहे. बामुमांचा राजा म्ब्वेम्ब्वे 19व्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करत होता. धिप्पाड, दणदणीत आवाजाचा, लढवय्या अशी त्याची ख्याती. त्याने राज्य कितीतरी पटींनी वाढवलं, फुंबानभोवती खंदक खणवला. एकाच वेळी दोन आघाड्यांवर लढून दोन्ही जिंकल्या म्हणून त्याने दोन डोक्यांचा साप आपली खूण केली, असं बामुम सांगतात. तेव्हा हा साप रानातून आलेला नाही, तो लढाईतून आला. त्याला दुसऱ्या टोकाला शेपूट नाही, तिथेही तोंड. पाठ दाखवायला जागाच नाही. हा साप पुढे सगळीकडे शिरला: चिलमीच्या वाटीवर, घंटेच्या मुठीवर, मण्यांच्या कामात. आणि सर्वात प्रसिद्ध जागी म्हणजे 'मांडू येनू' या सिंहासनाच्या बैठकीखाली, जिथे मण्यांनी मढवलेले दुतोंडी साप एकमेकांत गुंतून राजाचा भार पेलतात.

हे सिंहासन बर्लिनमध्ये आहे, आणि ते तिथे कसं पोचलं ही गोष्ट मला नेहमी गोंधळात टाकते. राजा न्जोयाने ते 1908 साली कैसर विल्हेल्म दुसरा याला भेट म्हणून दिलं. न्जोया साधा माणूस नव्हता. त्याने आपल्या भाषेसाठी स्वतःची लिपी तयार करवली, ती वर्षानुवर्षं सुधारत नेली, तीत आपल्या लोकांचा इतिहास लिहवून घेतला, नकाशा काढवला, नवा राजवाडा बांधला. सिंहासन त्याच्या वडिलांचं, न्सांगू यांचं. कॅमेरून तेव्हा जर्मनांची वसाहत होती आणि त्यांना ते हवं होतं. न्जोयाने आधी हुबेहूब प्रत करून द्यायचं ठरवलं, पण प्रत वेळेत पुरी झाली नाही आणि मूळचंच गेलं. वसाहतीच्या सरकारला दिलेल्या भेटीला भेट म्हणायचं का, यावर आज इथे पानंच्या पानं लिहिली जातात. मला त्या वादात एका बाजूला उभं राहता येत नाही. न्जोया हुशार मुत्सद्दी होता, त्याला या भेटीतून काही साधायचं होतं हे स्पष्ट आहे. आणि नाही म्हणायची मोकळीक त्याला किती होती हेही स्पष्ट आहे. पुढे फ्रेंच आले. त्यांनी त्याचे अधिकार काढून घेतले, 1931 साली त्याला याउंडेला हद्दपार केलं आणि 1933 साली तो तिथेच वारला. आज जर्मनीच्या सार्वजनिक संग्रहालयांत कॅमेरूनच्या 40,000हून अधिक वस्तू आहेत, अशी मोजदाद जर्मन आणि कॅमेरूनी संशोधकांनी मिळून 2023 साली मांडली. त्यातल्या बहुतेक कपाटांतसुद्धा नाहीत, तळघरांत आहेत. ज्यांच्यावर कुणी बोट ठेवायचं हे एकेकाळी राजा ठरवत असे, असे कितीतरी मातीचे, लाकडाचे बिबटे तिथे क्रमांक लावून पडले आहेत आणि त्यांना हातमोजे घातलेला कुणीही उचलू शकतो.

हे सगळं निदान सांगता तरी येतं, कारण सांगणारे आहेत. बामुमांचा राजवंश चालू आहे, राजवाडा उभा आहे, म्हातारी माणसं बोलतात. त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेला चाड सरोवराच्या काठी गेलं की हा आवाज बंद होतो. शारी आणि लोगोन नद्या सरोवराला मिळतात तो सपाट प्रदेश आज चाड आणि कॅमेरून यांच्यात वाटला गेला आहे, शेजारी नायजेरिया. तिथे जुन्या वस्त्यांची टेकाडं आहेत, आणि त्या वस्त्या ज्यांच्या मानल्या जातात त्यांना साओ म्हणतात. स्थानिक कथांतले साओ राक्षसी उंचीचे, एकट्याने हत्ती उचलून आणणारे. शेजारच्या बोर्नू राज्याचा राजा इद्रिस अलूमा याने 16व्या शतकाच्या शेवटी शेवटी त्यांच्यावर स्वाऱ्या केल्या. त्याच्या दरबारचा बखरकार इब्न फर्तुवा याने त्या लिहून ठेवल्या आहेत. म्हणजे साओंबद्दलचं जुनं लेखन आहे ते त्यांना हरवणाऱ्यांचं. त्यांचं स्वतःचं आहे ते भाजलेल्या मातीत.

1936 पासून ज्याँ-पॉल लबफ हे फ्रेंच संशोधक या टेकाडांत खोदत राहिले. तागो या ठिकाणी त्यांना जुन्या पूजास्थानात मांडलेल्या मृण्मय मूर्ती मिळाल्या. मी त्यांतल्या काही पॅरिसला पाहिल्या आहेत. पहिल्या नजरेला ओबडधोबड वाटतात. पाय नाहीत, धड म्हणजे बुंधा, डोळ्यांच्या जागी मातीच्या चिरलेल्या गोळ्या, ओठ जाड आणि पुढे आलेले, छातीवर टोचलेल्या ठिपक्यांच्या माळा. आणि काहींचं तोंड माणसाचं नाहीच. मुस्कट पुढे ओढलेलं, मान तिरकी, धड मात्र माणसाचं. लबफ यांनी अशांना मुखवटा घालून नाचणारे म्हटलं. असतीलही. मुखवटा म्हटला की आपल्याला हायसं वाटतं, कारण मग आत माणूस आहे याची खात्री होते. पण त्या तिरक्या मानेकडे बघत राहिलं की वाटतं, मुखवट्याची कड कुठे संपते आणि मान कुठे सुरू होते हे घडवणाऱ्याने दाखवलेलं नाही. त्याला ते दाखवता येत नव्हतं असं म्हणायला मी तयार नाही. ज्याने एवढे बारीक ठिपके ओळीत टोचले त्याला एक कड ओढणं जड नव्हतं.

या प्रदेशातल्या मातीबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसले होते. सरोवराच्या दक्षिणेला मैलोन्‌मैल काळी चिकण माती आहे. स्थानिक लोक तिला फिर्की म्हणतात. पावसाळ्यात ती फुगते, चिखल इतका की माणूस की जनावर, पाय निघत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस ओसरला की तिच्या पोटातल्या ओलीवर ज्वारी घेतात. आपल्या रब्बीपेक्षा फरक एवढाच की रोपं वेगळी वाढवून मग शेतात लावतात. मी परभणीकडची. चपलेखाली पायताणाएवढा जाड काळा थर घेऊन शाळेतून घरी येण्याचं माझं बालपण, आणि दिवाळीनंतर एकही पाऊस न पडता त्याच जमिनीवर डोलणारी रब्बीची ज्वारी. आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, तिथली जुन्या सरोवराच्या तळाची. कूळ वेगळं, स्वभाव तोच. मोठा फरक हा की आपल्याकडे जरा खणलं की काळा पत्थर लागतो. फिर्कीत दगडच नाही. जात्याला दगड हवा तर तो लांबून डोंगराकडून आणावा लागे. म्हणजे घर मातीचं, भिंत मातीची, मासेमारीच्या जाळ्याची वजनं मातीची, फरशी म्हणजे उभ्या रोवलेल्या फुटक्या खापऱ्या, आणि माणूस मेला की साओ वस्त्यांत त्याला ठेवायचा तो रांजणही मातीचा, वर दुसरा रांजण पालथा घालून. अशा ठिकाणी कुणाला गाय हवीशी वाटली, देव हवासा वाटला, तर तो आणखी कशातून येणार?

आणि गाई आहेतच. सरोवराच्या नायजेरियाकडच्या बाजूला डाइमा नावाचं टेकाड ग्रेअम कॉनाह यांनी 1960च्या दशकात खोदलं. सुमारे 11 मीटर खोल, वस्तीवर वस्ती, इ.स.पू. 6व्या शतकाच्या आसपास सुरू झालेली आणि इ.स.च्या 12व्या शतकापर्यंत चाललेली. त्यात मातीचे छोटे छोटे प्राणी भरपूर निघाले, आणि त्यातले बहुतेक गुरं. चिमटीत धरता येतील असे. मातीच्या गोळीला चार ठिकाणी चिमटा काढला की पाय, वर दोन चिमटे काढले की शिंगं. ही मुलांची खेळणी की नवसाची जनावरं? इथे कुठल्याही मराठी माणसाला पोळ्याचे मातीचे बैल आठवतील, सकाळी पूजेत आणि संध्याकाळी पोरांच्या हातात. ते बैल इथे आणून उभे केले की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, म्हणूनच मी ते आणत नाही. ते आपलं उत्तर आहे. डाइमाच्या गाईंना कुणी काय म्हणत होतं, त्या मोडल्या की फेकत होते की पुरत होते, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. आणि गुरं पाळणाऱ्यांनी गुरं घडवली यापुढे कागदाच्या उजव्या रकान्यात मला काही लिहिता येणार नाही. तो रिकामा ठेवलेला मला जास्त प्रामाणिक वाटेल. बाजाराला मात्र रिकामा रकाना परवडत नाही. चोरून खणलेली मूर्ती कुठल्या थरातून आली, तिच्या शेजारी काय होतं, हे खणतानाच नाहीसं होतं आणि त्या जागी विक्रेत्याची गोष्ट येते: 'पूर्वजांचा आत्मा', 'सुफलतेची देवता', जे खपेल ते. साओ मूर्तींची लूट इतकी झाली की धोक्यातल्या आफ्रिकी पुरावस्तूंची जी आंतरराष्ट्रीय लाल यादी निघाली तीत त्यांना घालावं लागलं. ती यादी मला नेहमी उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी वाटते, पण न येण्यापेक्षा बरी.

चाडची राजधानी एन्जामेना, तिच्यापासून जवळच गाऊई नावाचं जुनं गाव आहे. तिथले कोतोको लोक स्वतःला साओंचे वंशज मानतात. तिथल्या बायका आजही मडकी घडवतात आणि घरांच्या भिंती रंगवतात. फुंबानमध्ये तर 2024 साली राजांचं नवं संग्रहालय उघडलं, आणि त्या इमारतीचा आकारच बामुमांच्या खुणांचा आहे: वर अवाढव्य कोळी, भोवती दुतोंडी साप. छायाचित्रं पाहून माझी प्रतिक्रिया जरा कद्रूपणाची होती. वाटलं, हे फारच ढळढळीत झालं. चिलमीवरच्या जाळीत जो कोळी शोधावा लागतो तो इथे विमानातूनही दिसेल. मग वाटलं, मी कोण नाक मुरडणारी? ज्यांच्या वस्तू परक्यांच्या तळघरात आहेत त्यांनी आपला कोळी जरा मोठाच बांधला तर बिघडलं कुठे. आणि एक गोष्ट तर आहेच: तो कुणाचा आहे हे विचारावं लागत नाही.

कोळ्याकडे मी मुद्दाम शेवटी आले, कारण पाचांत तोच एक असा आहे ज्याला आपलं काम करण्यासाठी मातीचं व्हावं लागत नाही. या पठारावर आणि त्याच्या उत्तरेला राहणाऱ्या माम्बिला लोकांत खऱ्या, जिवंत कोळ्याकडून कौल घेतात. घरातल्या कोनाड्यात जाळं विणणारा हा कोळी नव्हे. केसाळ, जाडजूड, जमिनीत बीळ करून राहणारा, रात्री बाहेर येणारा. पूर्वज जमिनीत, कोळीही जमिनीत, आणि दोघांची ये-जा एकाच दारातून. त्याला माणसांना न दिसणारं ठाऊक असतं ते यामुळे. पॉल गेबाउअर हे बाप्टिस्ट मिशनरी 1931 पासून तीसेक वर्षं कॅमेरूनमध्ये राहिले आणि त्यांनी या कौलाची बारकाईने टिपणं केली. धर्मप्रसारासाठी आलेला माणूस कोळ्यापुढे उकिडवा बसून पानांवरच्या खुणा उतरवून घेतोय, हे चित्र मला त्यांच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा जवळचं वाटतं. पुढे डेव्हिड झाइटलिन हे मानववंशशास्त्रज्ञ 1985 पासून माम्बिलांच्या सोमिए गावात जात राहिले, आणि हा कौल घ्यायला स्वतः शिकले.

पद्धत अशी. बिळावर बूड काढून टाकलेलं जुनं मडकं पालथं घालायचं, म्हणजे बिळाभोवती कुंपण तयार होतं. आत टणक पानांच्या पत्त्या मांडायच्या. प्रत्येकीवर कोरलेली किंवा कापलेली खूण: माणूस, घर, मरण, आणखी पुष्कळ. एका बाजूला काडी, दुसऱ्या बाजूला दगड. प्रश्न दोन फाट्यांचा करून विचारायचा: अमुक खरं असेल तर काडी घे, तमुक खरं असेल तर दगड. मडक्याचं तोंड झाकायचं, वरून थोपटायचं आणि बाजूला व्हायचं. कोळी बाहेर येतो, पत्त्या विस्कटतो, काही काडीवर पडतात, काही दगडावर. झाकण काढून वाचायचं. काही ठिकाणी हेच काम बिळातल्या खेकड्याकडून करून घेतात. उत्तरेच्या डोंगरात रुम्सिकीला तर मडक्यात वाळू भरून तीत खेकडा सोडतात आणि त्याने हलवलेल्या काड्या-तुकड्यांवरून भविष्य सांगतात. इथे मडक्यावर प्राणी नाही. प्राणी मडक्याच्या आत आहे, हलतोय, आणि मडकं फुटकं आहे, ज्याला संग्रहालय कधीच पैसे देणार नाही असं. चिलमीवर कोळ्यांची जाळी मिरवणाऱ्या बड्या माणसाला ठाऊक असणार की त्याच्या दारामागे कुठेतरी एका फुटक्या मडक्याखाली याच प्राण्याला त्याच्याबद्दलच कुणी काही विचारत असेल.

आणि कोळ्याचं बोलणं डोळे मिटून मानतात असंही नाही. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा प्रश्न घालून त्याची परीक्षा घेतात. तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारतात, एकाहून अधिक बिळांवर मडकी मांडून उत्तरं ताडून पाहतात. उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध गेली तर त्या वेळी त्याचं बोलणं धरत नाहीत. 'शहाणपण' हा शब्द मला आता जरा अडखळत लिहावा लागतो तो या उलटतपासणीमुळे. तोमास सारासेनो या अर्जेंटिनाच्या कलाकाराने कोळ्यांच्या वेडापायी सोमिएशी संबंध जोडला आणि आता तिथल्या कौलाचं संकेतस्थळही आहे. दूरदेशीच्या माणसाला तिथे प्रश्न पाठवता येतो, कौल घेणाऱ्याची दक्षिणा देऊन. रात्री लेक झोपल्यावर मी ते उघडून बसते. विचारण्यासारखं पुष्कळ आहे. इथेच राहावं की परत जावं, आईला इकडे आणावं का, आणि कधी रागाच्या भरात, ते सिंहासन परत जाईल का. पण प्रश्न काडी आणि दगड यांत बसवावा लागतो, आणि माझा दरवेळी तिसऱ्या बाजूने बाहेर येतो. सोमिएतला मुरलेला माणूस म्हणेल, बाई, आधी नीट विचारायला शिका. शिकतेय.